वाटी, चमचा आणि रात्रीचा हिशेब

शुक्रवार संध्याकाळ म्हणजे आपल्यासारख्यांचा आठवडी सण. लॅपटॉप बंद, मोबाईल सायलेंटवर, आणि ‘आज कुठे?’ हा एकच राष्ट्रीय प्रश्न. डिसेंबर २०२४ मधल्या अशाच एका शुक्रवारी माझ्या प्लॅनचं उत्तर होतं : बाणेर, दादाचा फ्लॅट, सातवा मजला. दादा रिलीजसाठी बेंगळुरूला, वहिनी दहा दिवसांच्या ऑनसाइटवर फ्रँकफर्टला, आणि चिऊला सांभाळणाऱ्या मावशी पुतण्याच्या साखरपुड्यासाठी गावी. उरले कोण? अर्थात आत्या! फ्रीलान्सर आत्या म्हणजे घरच्यांच्या मते कायम रिकामीच.

चिऊ तेव्हा साडेदहा महिन्यांची. मला म्हटलं, त्यात काय एवढं? मास कॉमची डिग्री आहे, गूगल आहे, आणि वहिनीने फ्रिजवर लावलेलं दीड पानी टाइमटेबल आहे. वीकएंड आरामात निघेल.

शनिवारी दुपारी पहिली उलटी झाली. मग जुलाब. संध्याकाळपर्यंत पाच. मी कोल्हापूरला आईला फोन लावला. आई म्हणाली, ‘दूध बंद कर, पोटाला जरा आराम दे.’ मी बंद केलं. मग खालच्या मेडिकलमधून संत्र्याच्या चवीचे दोन टेट्रापॅक आणले, वर ठळक अक्षरांत ‘ओआरएस’ लिहिलेले. चिऊला ते जाम आवडलं. गटागटा प्यायली. मी खूश. फॅमिली ग्रुपवर थम्ब्ज-अपसुद्धा टाकला.

रात्री अकरानंतर जुलाब वाढले. साडेबाराला ती रडत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. शेवटचा ओला डायपर किती वाजता बदलला, ते मला आठवेना. खरं सांगते, तोपर्यंत मला फक्त काळजी वाटत होती. त्या क्षणी पहिल्यांदा भीती वाटली. कॅब केली आणि थेट हॉस्पिटल गाठलं.

मुलांच्या वॉर्डमध्ये डॉक्टर आले, तपासलं, वजन केलं. बरोबर आठ किलो. महिन्यापूर्वीच्या नोंदीपेक्षा कमी. मी एकच धोशा लावला होता : ‘सलाईन लावा ना, प्लीज.’ आपल्याला बाटली लटकलेली दिसली, की ट्रीटमेंट सुरू झाल्यासारखं वाटतं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, ‘ती पिते आहे. तोंडानंच देऊ. सिस्टर तुम्हाला दाखवतील.’

या सिस्टर सांगलीकडच्या. चाळिशीच्या असाव्यात. त्यांनी आधी चिऊला हातच लावला नाही. दूर उभ्या राहून मिनिटभर नुसत्या घड्याळाकडे आणि तिच्या पोटाकडे बघत राहिल्या. श्वास मोजत होत्या. दोन महिने ते वर्षभराच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त पडले, की धोक्याची घंटा, हे मला त्या रात्री कळलं. मग त्यांनी पोटावरची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडली. ती लगेच सपाट व्हायला हवी. चिऊची हळूहळू गेली. ‘डोळे बघा, खोल गेलेत. तहान लागलीय. पण शुद्धीत आहे, पिते आहे. म्हणजे आपल्या हातात आहे,’ सिस्टर म्हणाल्या. मोठा पेशंट स्वतःचं दुखणं सांगतो. इथे पेशंटला बोलताच येत नाही आणि सोबतच्या आत्याला बोलणं सुचत नाही. मुलांच्या नर्सला दोघांचंही बघावं लागतं.

‘आता हिशेब करू,’ त्या म्हणाल्या. पाणी कमी झालेल्या बाळाला पहिल्या चार तासांत किलोमागे ७५ मिलिलिटर ओआरएस. आठ किलो म्हणजे ६०० मिलिलिटर. चहाचा चमचा साधारण ५ मिलिलिटरचा. म्हणजे १२० चमचे. चार तासांत १२०, म्हणजे दर दोन मिनिटांनी एक.

‘मी देऊ?’ मी विचारलं.

‘मग कोण? पुढच्या वेळी मी तुमच्या घरी नसणार, ताई.’

त्यांनी माझ्यासमोर पुडी फोडली. पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी घ्यायचं. एक लिटरची पुडी असेल तर उकळून गार केलेलं पूर्ण एक लिटर. अर्ध्या पुडीला अर्ध्या लिटरचा अंदाज करायचा नाही. तयार केलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्यायचं. बाटली नाही, वाटी-चमचा. उलटी झाली तर घाबरायचं नाही. दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा, जरा सावकाश.

सातव्या चमच्याला उलटी झालीच. मी रडायच्या बेतात. सिस्टर नुसतं म्हणाल्या, ‘घड्याळ लावा. दहा मिनिटं.’

आणि मग रात्रभर आमचं तेच चाललं. दोन मिनिटं, एक चमचा. मधेच त्या दुसऱ्या बेडवर जायच्या, कुणाचं इंजेक्शन वजनाच्या हिशेबाने पुन्हा तपासायच्या, परत यायच्या आणि वाटीत डोकावून किती संपलं ते लिहायच्या. मधल्या वेळात मी टेट्रापॅकचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, हे विशेष. फक्त समजावलं. आतड्यात ग्लुकोज आणि मीठ ठराविक प्रमाणात असलं, की दोघं जोडीने आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी शोषलं जातं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या एक लिटरच्या पुडीत ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम असतं. साखर त्याच्या कितीतरी पट झाली, तर ती उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. चिऊला आवडलं होतं, कारण ते सरबत होतं. (२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने आदेश काढला, की ठरलेल्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द वापरायचा नाही. वाचून मला काय वाटलं असेल, कल्पना करा.)

सहाच्या सुमाराला डायपर ओला झाला. मंडळी, पगाराच्या एसएमएसनेसुद्धा मला कधी इतका आनंद झालेला नाही!

डॉक्टरांनी सोमवारपर्यंत लक्ष ठेवायला थांबवून घेतलं. दूध आणि मऊ भात-वरण लगेच सुरू करायला सांगितलं. म्हणजे आईचा ‘पोटाला आराम’सुद्धा बाद. जुलाबात बाळाचं खाणं बंद करायचं नसतं, उलट बरं झाल्यावर काही दिवस एक जेवण जास्त द्यायचं असतं. शिवाय १४ दिवसांचं झिंक, जुलाब थांबले तरी कोर्स पूर्ण करायचा.

गोष्ट इथे संपली असती तर मी हा कॉलम लिहिलाच नसता.

रविवारी सकाळी फॅमिली ग्रुपवर चौकशी समिती बसली. दादाचा मेसेज आला : ‘मावशींच्याच हातून झालं असणार. हात धुतात की नाही देव जाणे. आल्या की सांगून टाकू, दुसरी बघू.’ खाली तीन जणांचे अंगठे. वहिनीने फक्त ‘हं’ लिहिलं. फ्रँकफर्टहून दुसरं काय लिहिणार बिचारी.

मी तो मेसेज वाचला आणि मोबाईल उलटा ठेवला. कारण मला एक गोष्ट माहीत होती, जी ग्रुपवर कुणालाच माहीत नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी सहाला मी पावडरचं दूध बनवलं. चिऊने अर्धं प्यायलं. उरलेली बाटली मी टेबलावर ठेवली, सीरिज लावली, आणि रात्री दहाला तीच बाटली तिला दिली. नवीन बनवायचा कंटाळा आला होता. बस्, इतकंच.

रात्री त्याच सिस्टर ड्युटीवर आल्या आणि त्यांनी विचारलं, ‘घरी कोण कोण असतं? दिवसा बाळाला कोण भरवतं?’

‘मावशी. सकाळी आठ ते संध्याकाळी सात.’

‘मग त्या कुठायत? डिस्चार्जच्या आधी त्यांना शिकवायला नको?’

मावशी एसटीने साखरपुड्यातून तशाच निघून आल्या. रात्री साडेआठला वॉर्डच्या दारात उभ्या, आत येईनात. नव्या साडीवर स्वेटर, हातात पिशवी. ‘ताई, मी बाटली रोज उकळूनच देते हो,’ हे त्यांचं पहिलं वाक्य. मी काहीच विचारलेलं नव्हतं. त्यांना विचारायची गरजच नव्हती. असं झालं की बोट कुणाकडे जातं, हे त्या जन्मभर बघत आल्या असणार.

मग मी सांगितलं. मावशींना आणि सिस्टरना, बाटलीचं सगळं. आवाज लहान झाला होता, पण सांगितलं.

सिस्टर म्हणाल्या, ‘कुणाच्या हातनं झालं ते मला नाही सांगता येणार. या दिवसांत रोटासारखे व्हायरस खूप असतात, चांगल्या घरातही येतात. ते दूधही असेल. उष्टं दूध ठेवायचं नाही, तासाभरात टाकून द्यायचं. आता दोघी इकडे या.’

त्यांनी आम्हाला नुसतं ऐकवलं नाही, करायला लावलं. मी पुडी मिसळताना दोनदा अडले. मावशींनी आधी साबणाने हात धुतले, पाणी मोजलं, पुडी पूर्ण रिकामी केली, चव घेऊन बघितली आणि चिऊला मांडीवर थोडं उभं धरून चमचा लावला. सगळं एका दमात.

‘तुम्हाला येतं की!’ सिस्टर म्हणाल्या.

‘आमच्या आशाताईंनी शिकवलंय ना. धाकटीच्या वेळी. घरी यायच्या, वजन करायच्या, पुड्या ठेवून जायच्या.’

‘मग मावशी, तुम्ही कधी बोलला नाहीत?’ मी विचारलं.

‘वहिनींनी सांगितलंय, विचारल्याशिवाय बाळाला काही द्यायचं नाही. आणि मला कोण विचारतंय?’

यावर आत्याकडे उत्तर नव्हतं.

घरी आल्यावर मी जरा वाचून काढलं. २०११ पासून आशाताई नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. त्या योजनेमागे आपल्या गडचिरोलीतला अनुभव आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी बाळांची काळजी घेता येते हे दाखवलं, आणि त्याचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. २०१८ पासून ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांच्या बाळांसाठीही अशा भेटी सुरू झाल्या. आमच्या सोसायटीच्या गेटवरच्या अॅपवर मात्र पिझ्झावाल्याची नोंद असते, कुरिअरवाल्याची असते, बाळाचं बघायला येणाऱ्या कुणाचीच नसते. सातव्या मजल्यावर आम्ही आणि गूगल.

आणि ओआरएसची मोठी परीक्षा कुठे झाली माहितीय? १९७१, बनगाव. बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि ते पाजायचं काम पेशंटच्या नातेवाइकांकडे दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. म्हणजे औषध तर मोठं होतंच, पण चमचा घरच्यांच्या हातात देणंही तितकंच मोठं होतं. सिस्टर रात्री दोन वाजता माझ्यासोबत हेच करत होत्या.

जाताना त्यांनी लसीकरणाचं कार्ड मागितलं. नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस राहिलेली. ‘मीटिंग आली होती’ म्हणून पुढे ढकललेली अपॉइंटमेंट कुणीच परत घेतली नव्हती. सिस्टरनी डॉक्टरांना विचारून पुढची तारीख घातली आणि कार्ड दिलं मावशींच्या हातात.

ग्रुपवर मी बाटलीचं सगळं लिहिलं. बराच वेळ शांतता. मग दादाने तो मेसेज डिलीट केला. मावशींना त्याने फोन केला, तो दुसऱ्या दिवशी. काय बोलला ते मावशींनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण वहिनीचं दीड पानी टाइमटेबल आता फ्रिजवर नाही. तिथे दुसरा कागद आहे. तुमच्याही घरात चिऊ असेल, तर उतरवून घ्या :

ओआरएसच्या पुड्या पहिल्या ड्रॉवरमध्ये. जुलाब सुरू झाले की लगेच, वाटी-चमच्याने. दूध आणि जेवण चालू. शौचातून रक्त, थांबत नाहीत अशा उलट्या, पिणं बंद, बाळ मलूल किंवा सहा तास डायपर कोरडा : थेट दवाखाना. मावशी स्वतः ठरवतील, कुणाला विचारायची गरज नाही. डॉक्टरांचा नंबर खाली.

छापायला देण्याआधी हा कॉलम मी मावशींना वाचून दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली : ‘ताई, हात धुवायचं लिहिलंच नाही कागदावर.’

खरंच की. लिहिते. हात धुवा, साबणाने. आधी हेच.