किनारा कोणाचा?

बंदराच्या शहराचे सारे वैभव त्याच्या किनाऱ्यावर अवलंबून असते. पण नेमका तोच किनारा तेथील सामान्य नागरिकाला बहुधा परका असतो. नकाशावर प्रथम आरमाराची हद्द आखली जाते, मग व्यापाऱ्यांच्या वखारी. सार्वजनिक रस्त्याची आठवण होते ती सर्वांत शेवटी. या दृष्टीने हाँगकाँगचा इतिहास उद्बोधक आहे.

१८४१ मध्ये इंग्रजांनी हे बेट घेतले. त्यावर शिक्कामोर्तब करणारा १८४२ चा नानकिंग तह ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर झाला. ही नौका मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानी लाकडातून बांधलेली होती. पुढे १८५० च्या दशकात गव्हर्नर सर जॉन बाउरिंग यांनी किनाऱ्यालगत सलग सार्वजनिक रस्त्याची योजना मांडली. किनाऱ्यावरील भूखंडधारक व्यापाऱ्यांनी तिला कडाडून विरोध केला; लष्करही अनुकूल नव्हते. १८५९ मध्ये कायदेमंडळात सरकारी सभासदांनीच गव्हर्नरांची साथ सोडली आणि योजना बारगळली.

नंतर रस्ता झाला, पण तुकड्यातुकड्यांनी. पॉल चॅटर यांच्या पुढाकाराने १८९० च्या सुमारास सुरू होऊन १९०४ मध्ये संपलेल्या भरावावर पश्चिमेकडे कॉनॉट रोड आला. १९२० च्या दशकातील भरावाने पूर्वेकडे ग्लुस्टर रोड दिला. मध्ये मात्र नौदलाची गोदी आणि लष्कराची छावणी ठाण मांडून होती. शहराच्या दोन भागांना जोडणारा, डोंगराच्या पायथ्याचा एकच सपाट रस्ता उरला. १९०४ पासून ट्रामही त्याच चिंचोळ्या वाटेने धावू लागली. १९५९ मध्ये गोदी बंद झाली, तेव्हा कुठे तिच्या जागेतून हार्कोर्ट रोड काढता आला. बाउरिंग यांच्या कल्पनेतील दुवा सांधला जाण्यास शंभर वर्षे लागली!

संरक्षणाची गरज खोटी होती, असे कोणी म्हणणार नाही. आरमाराला खोल पाणी, धक्का आणि गुप्तता लागतेच. शिवाय गोदीवर हजारो कामगारांची चूल पेटत होती. ती बंद होताच त्यांच्यापुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला, हेही विसरून चालणार नाही. तथापि गरज खरी असणे वेगळे आणि ती अमर्याद, चिरंतन मानणे वेगळे. हद्दीची भिंत एकदा उभी राहिली की तिची फेरतपासणी करण्याचे धाडस कोणी करीत नाही, हे खरे दुखणे आहे. शिवाय शंभर वर्षांनी मिळालेला रस्ता मोटारींचा झाला. पायी चालणाऱ्याच्या वाट्याला समुद्र त्यामुळे आला नाही.

यातून काही शिकले गेले काय? १९९४ च्या ब्रिटन-चीन करारात नव्या किनाऱ्यावरील १५० मीटर लांबीची जागा लष्करी धक्क्यासाठी राखून ठेवण्यात आली. २०१३ मध्ये त्यावरून पुन्हा वाद पेटला. सत्ता बदलली, ध्वज बदलला. प्रश्न मात्र तोच राहिला. फरक इतकाच, की या वेळी गरज मीटरमध्ये मोजलेली होती आणि नागरिक तिचा जाब जाहीरपणे विचारू शकले. हा फरक लहान नव्हे.

मुंबईकरांना ही कहाणी दूरची वाटू नये. गेटवेवरून उत्तरेकडे निघालेल्या माणसाला नौदल गोदीची हद्द लागते; लायन गेटवरून जाताना समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही दिसत नाही. गोदी हलवा, असा याचा अर्थ नव्हे. सार्वभौम राष्ट्राला आरमार हवेच. मागणी एवढीच, की संरक्षणासाठी किती जागा, किती काळ आणि कशासाठी हे ठरलेले असावे, ठरावीक मुदतीने तपासले जावे, आणि मोकळ्या होणाऱ्या प्रत्येक किनाऱ्यावर पहिला हक्क पायी चालणाऱ्या नागरिकाचा असावा. आरमार ज्या जनतेच्या रक्षणासाठी असते, तिला समुद्राकडे पाठ फिरवून जगावे लागू नये.