मागचा डबा सडला म्हणून पुढचा कापू नका
रत्नागिरीतल्या गाडीमालकांना आणि गॅरेजवाल्या भावांना जाहीर आवाहन

आपल्याकडची खारी हवा खिडकीच्या गजांना सोडत नाही, ती सायलेन्सरला काय सोडणार? त्यात एक लीटर पेट्रोल जळलं की जवळपास लीटरभर पाणी वाफ होऊन मागच्या नळीत येतं. लांब पल्ल्यावर ती वाफ निघून जाते. मारुती मंदिर ते बाजारपेठ आणि परत, एवढंच फिरणाऱ्या गाडीची नळी मात्र पुरती तापतच नाही आणि पाणी आतच साचतं. त्यामुळे इथला सायलेन्सर लवकर सडला तर त्यात मालकाचा काही दोष नाही.

चूक होते ती त्यानंतर. ओरिजिनल भाग महाग, शिवाय मागवावा लागतो, आणि गणपती तोंडावर आलेले. अशा वेळी ‘डायरेक्ट पाईप टाकून देतो, ॲव्हरेजही वाढेल’ हे बोलणं गोड वाटतं. खरं तर बहुतेक वेळा सडलेला असतो तो मागचा मफलर. इंजिनाजवळचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) तापून कोरडा राहतो; त्याला हात लावायचं कारणच नसतं. तरी तोही कापला जातो, कारण त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं आणि भंगारात त्याला भाव मिळतो. मालकाला याचा पत्ताही नसतो. वर ऑक्सिजन सेन्सरचा हिशेब चुकून इंजिनाचा दिवा पेटतो, आणि ॲव्हरेज वाढेलच याचा काही भरवसा नाही.

मला जास्त भीती वाटते ती कार्बन मोनॉक्साइडची. कॅट हा वायू जाळून निरुपद्रवी करतो. कॅट गेला आणि कच्च्या वेल्डिंगला गाडीखाली भेग पडली, की हा वायू आत शिरू शकतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. पावसात काचा बंद असतात. पोराचं डोकं दुखतं, मळमळतं, आणि आपण म्हणतो, घाटात गाडी लागली!

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. पीयूसी मिळाली म्हणून निर्धास्त राहू नका. त्या तपासणीत आवाज मोजत नाहीत. सायलेन्सरमधून मुद्दाम फटाके वाजवणाऱ्या हौशी मंडळींबद्दल काय बोलावं! पुण्या-नागपुरात पोलिसांनी असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो, एवढं तरी त्यांनी ध्यानात ठेवावं.

कंपनीबाहेरचा प्रत्येक भाग वाईट, असं मी म्हणत नाही. तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला, त्याच व्यासाचा मफलर खुशाल बसवा, पण पक्कं बिल घ्या आणि त्यावर भागाचं नाव लिहून मागा. पाऊस लागायच्या आत गाडी रॅम्पवर चढवून नळीचे सांधे, गॅस्केट, हँगरचे रबर डोळ्यांनी पाहा. नवी गाडी वॉरंटीत असेल तर आधी शोरूमला विचारा.

आणि गॅरेजवाल्या भावांनो, गिऱ्हाईक स्वतःहून म्हणालं तरी कॅट कापू नका. तो खरोखरच निकामी झाला असेल तर त्याच जातीचा दुसरा बसवा, आणि काढलेला जुना न मागता मालकाच्या डिकीत ठेवा.