पाणी ओसरल्यावर दिसणारा वाडा

पुणे-सोलापूर महामार्गावरून जाणाऱ्या प्रवाशाला उजनीचा जलाशय काही नवा नाही. रोहित पक्षी पाहण्यासाठी भिगवणजवळ वाट वाकडी करणारे पुष्कळ असतात. पाऊस दगा देतो त्या सालच्या उन्हाळ्यात मात्र येथे निराळीच वर्दळ सुरू होते. पळसदेवचे प्राचीन पळसनाथ मंदिर उघडे पडते आणि पलीकडच्या तीरावर, करमाळा तालुक्यातील कुगाव येथे इनामदारांचा किल्लेवजा वाडा पाण्याबाहेर डोके काढतो. मोटारी थांबतात, होड्या ठरतात, छायाचित्रे निघतात आणि मंडळी मार्गस्थ होतात.

या कुतूहलात गैर काही नाही. तथापि वाड्याचे दर्शन आणि जिल्ह्याची तहान यांचे मूळ एकच आहे, याचा विसर पडता कामा नये. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाची साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यापैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात तो मृतसाठाही जवळजवळ निम्मा संपला होता. पाहुण्याला जी पर्वणी वाटते, ती काठच्या शेतकऱ्याच्या लेखी आपत्ती असते. शिवाय तो वाडा म्हणजे केवळ दगडमाती नव्हे. त्याच्या भोवती एक नांदते गाव होते. त्या गावाने आणि त्यासारख्या अनेक गावांनी घरे, शिवार सोडले, म्हणून खालच्या भागातील ऊस उभा राहिला.

जे पुन्हा बुडणारच आहे, त्यासाठी खर्च कशाला, असा प्रश्न विचारला जाईल. प्रश्न व्यवहारी आहे, पण उत्तर देता येण्याजोगे आहे. नागार्जुनसागर धरणापूर्वी १९५४ ते १९६० या काळात नागार्जुनकोंड्याचे विस्तृत उत्खनन झाले आणि महत्त्वाचे अवशेष उंचावर हलविण्यात आले. उजनीच्या बाबतीत ती वेळ केव्हाच निघून गेली. पण स्पेनमध्ये जलाशयात बुडालेल्या ग्वादालपेरालच्या अश्मस्मारकाला २०२२ साली, म्हणजे बुडाल्यानंतर अनेक दशकांनी, कायद्याचे संरक्षण मिळाले. कुगावच्या वाड्याची मोजमापे घेणे, नकाशा काढणे आणि जुने गाव पाहिलेल्या वृद्धांच्या आठवणी टिपून ठेवणे यास मोठा निधी लागत नाही. पुरातत्त्व विभागाने मार्गदर्शन करावे व परिसरातील महाविद्यालयांनी मनुष्यबळ द्यावे. दुष्काळाने दिलेले चार-सहा आठवडे एवढ्या कामाला पुरेसे आहेत.

दुसरी बाब याहून निकडीची आहे. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळात उलटली आणि सहा जणांना जलसमाधी मिळाली. काठच्या गावांना पलीकडे जाण्यासाठी होडी ही चैन नाही, ती नित्याची गरज आहे. त्याच पाण्यावर हौशी प्रवाशांची भर पडत असेल, तर होड्यांची तपासणी, प्रत्येकास जीवरक्षक जाकीट, प्रवाशांच्या संख्येवर मर्यादा आणि वाऱ्याचे चिन्ह दिसताच वाहतूक बंद ठेवण्याचा अधिकार असलेला जबाबदार माणूस, ही व्यवस्था आधी हवी. तीत पाहुण्याची सोय आहेच. परंतु मुख्यतः तीत रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचा आणि शेतमजुराचा जीव आहे.

वाड्याचा बुरूज पाहावयास अवश्य जावे. मात्र जिवंत माणसांसाठी सुरक्षित होडी आणि गेलेल्या गावासाठी एक नीट नोंद, एवढी किंमत त्या दर्शनासाठी समाजाने मोजली पाहिजे.