जप्त कॉम्प्युटरमधल्या लाखो फाइलमधून पुरावा कसा शोधतात? समजून घ्या 'हॅश व्हॅल्यू'

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरवर छापे घातले. अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याचे भासवून तिथल्या नागरिकांना फोनवर धमकावले जात होते. सातशेहून अधिक जण ताब्यात घेतले गेले आणि सुरुवातीलाच ७० जणांना अटक झाली.

अशा कारवाईत कॉम्प्युटर ढिगाने जप्त होतात. ऑफिसच्या साध्या कॉम्प्युटरवरही विंडोज आणि नेहमीच्या सॉफ्टवेअरच्या मिळून लाखो फाइल असू शकतात. फोनवर काय बोलायचे त्याचा मजकूर किंवा पैशांचा हिशेब त्यातच कुठेतरी असतो. एकेक फाइल उघडून तो शोधणार कोण?

इथे हॅश व्हॅल्यू कामी येते. फाइल कितीही मोठी असो, ठरलेल्या गणितातून तिचा ठरावीक लांबीचा ठसा निघतो. 'एसएचए-२५६' पद्धतीत तो ६४ आकडे-अक्षरांचा असतो. फाइलचे नाव बदलले तरी हॅश तीच राहते. आतला एक स्वल्पविराम बदलला की पूर्ण वेगळी येते.

अमेरिकेची 'एनआयएसटी' ही सरकारी संस्था माहीत असलेल्या सॉफ्टवेअर फाइलच्या हॅशची मोठी यादी मोफत देते. तिचे नाव 'नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी'. विंडोजची तीच फाइल कल्याणमध्ये असो वा कॅलिफोर्नियात, हॅश एकच. जुळल्या त्या फाइल बाजूला काढायच्या, उरतील त्या तपासायच्या. हिशेबाच्या फाइलला कुणी विंडोजच्या फाइलचे नाव दिले, तरी ती चाळणीतून सुटत नाही. मात्र 'ओळखीची' म्हणजे 'निरुपद्रवी' नव्हे. या यादीत हॅकिंगची साधनेही आहेत.

हा विषय आता फक्त पोलिसांचा राहिलेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) नुसार डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. म्हणजे डोंबिवलीतल्या सोसायटीने चोरीचे सीसीटीव्ही फुटेज दिले, तर सेक्रेटरींनाही हा शब्द माहीत हवा.

खटकते ते वेगळेच. त्या नमुन्यात एसएचए-२५६ च्या शेजारी 'एमडी५' आणि 'एसएचए-१' हे पर्यायही आहेत. एमडी५ चा कमकुवतपणा २००४ मध्येच उघड झाला. २०१७ मध्ये गुगल आणि ॲमस्टरडॅमच्या 'सीडब्ल्यूआय' संस्थेने एकाच एसएचए-१ हॅशच्या दोन वेगळ्या पीडीएफ बनवून दाखवल्या. हातात असलेल्या फाइलची हुबेहूब हॅश देणारी दुसरी फाइल बनवणे आजही जवळपास अशक्य आहे, त्यामुळे जुन्या याद्या लगेच बाद होत नाहीत. पण नव्या प्रमाणपत्रात कमकुवत पर्याय ठेवायचेच कशाला? पोलिसांनी एसएचए-२५६ चाच आग्रह धरावा.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न हॅश कधी काढली हा. जप्तीच्या वेळीच ती पंचनाम्यात आली, तर नंतर फाइल बदलली का, हे आरोपीच्या वकिलालाही तपासता येते. चार महिन्यांनी काढलेली हॅश त्या चार महिन्यांबद्दल काहीच सांगत नाही. अशा प्रकरणांत नोकरी म्हणून फोनवर बसलेली विशी-बाविशीची मुलेही अडकतात. कॉम्प्युटरवर काय सापडले, यावर त्यांचे पुढचे आयुष्य ठरू शकते.

आणि सेक्रेटरींसाठी: फुटेज व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका. तिथे फाइल आक्रसते आणि हॅश बदलते. मूळ फाइल पेनड्राइव्हवर द्या आणि तिची हॅश त्याच दिवशी लिहून घ्या. ती काढणारी 'सर्टयुटिल' कमांड विंडोजमध्ये आधीपासूनच असते.