विश्लेषण : श्रोते भरपूर, कमाई कमी... अमेरिकेतील ‘अर्बन’ रेडिओचे गणित काय?

अमेरिकेत ‘अर्बन’ रेडिओ म्हणजे नुसता शहरी रेडिओ नव्हे. हिप-हॉप, आर अँड बी वाजवणारी, प्रामुख्याने कृष्णवर्णीय श्रोत्यांची ही केंद्रे.

‘पॉवर रेशो’ म्हणजे काय?
जाहिरात महसुलातील वाट्याला श्रोत्यांमधील वाट्याने भागले की ‘पॉवर रेशो’ मिळतो. समजा, एखाद्या केंद्राकडे शहरातील ५ टक्के श्रोते, पण महसूल ४ टक्केच असेल, तर रेशो ०.८. म्हणजे श्रोते डॉलरचे, कमाई ८० सेंटची. साहजिकच कार्यक्रम, बातम्या, कर्मचारी यांवर खर्चायला पैसा कमी पडतो.

तफावत कशामुळे?
श्रोत्यांचे उत्पन्न हे एक कारण. पण काही जाहिरातदार एजन्सींना थेट ‘नो अर्बन’ असा आदेश देत. ‘एफसीसी’ या नियामकाने करवून घेतलेल्या १९९९ च्या अभ्यासात प्रतिसाद देणाऱ्या ९१ टक्के अल्पसंख्याक रेडिओचालकांनी असा अनुभव नोंदवला.

नियम काय सांगतो?
जाहिरात करारात वर्णभेद नसल्याची हमी परवाना नूतनीकरणावेळी द्यावी, असा निर्णय एफसीसीने २००७ मध्ये घेतला. मात्र ही हमी केंद्रांनी द्यायची, जाहिरातदारांनी नव्हे. म्हणजे ज्याचे नुकसान, जबाबदारीही त्याचीच!