‘तीनशे दोन’ लागलं म्हणजे

गेल्या महिन्यातील एका रविवारी वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायरीवर चपला घालत होतो. तेवढ्यात पलीकडच्या वस्तीतील एक माउली पदराच्या गाठीत कागद बांधून आली. म्हणाली, “भाऊ, पोराला तीनशे दोन लावलंय. हे डोरलं मोडते, पण त्याला सोडवा.” नळावरच्या भांडणात शेजारच्या माणसाच्या डोक्यात काठी बसली होती. तो तिसऱ्या दिवशी इस्पितळात गेला. पोरगा बावीस वर्षांचा. वस्तीतील एका ‘ओळखीच्या’ने पन्नास हजार आणा, साहेबांशी बोलून कलम उतरवतो, असं सांगितलं होतं. डोरलं त्यासाठीच निघालं होतं.

आम्ही वकील नव्हेत. बी.कॉम. होऊन कारकुनी करणारी माणसं आम्ही. पण वीस वर्षं लोकांचे कागद घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढलो आहोत, त्यामुळे चार गोष्टी कळल्या आहेत. त्यातली पहिली गोष्ट तिला तिथल्या तिथे सांगितली : ताई, डोरलं गळ्यात घाला.

आता कायद्याचं बघू. लोकांच्या तोंडी अजून ‘तीनशे दोन’च आहे, पण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाची शिक्षा आता कलम १०३ मध्ये आहे. जुनं ३०४, म्हणजे खून न ठरणारा सदोष मनुष्यवध, ते आता १०५. हयगयीने झालेला मृत्यू १०६. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुनीच कलमं लागतात, म्हणून वकिलाकडे जाताना घटनेची तारीख आधी सांगावी.

हे आकडे पाठ करण्यासाठी सांगत नाही. १०३ ला फाशी किंवा जन्मठेप एवढ्या दोनच शिक्षा. १०५ मध्ये हेतू नव्हता, पण मरण येऊ शकतं एवढं ठाऊक होतं, असं ठरलं तर जास्तीत जास्त दहा वर्षं. माणूस दोन्हीकडे मेलेलाच असतो, पण आरोपीच्या जन्माचा फरक पडतो. पूर्वतयारी नसताना अचानक भांडण पेटलं, रागाच्या भरात हात उचलला गेला, आणि मारणाऱ्याने गैरफायदा घेतला नाही की क्रूरपणा केला नाही, तर तो खून धरत नाहीत. नळावरच्या भांडणात वकिलाने हेच दाखवायचं असतं. काठी तिथेच पडलेली होती की घरून आणली? वार एक की पाच? पडलेल्या माणसावर मारलं काय? ‘माझा पोरगा गरीब गाय आहे’ या बोलण्याने कोर्टात काही होत नाही.

‘अचानक’ शब्दाला कोर्ट किती वजन देतं, ते नानावटी खटल्यात दिसतं. जुन्या मंडळींना तो आठवेल. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाच्या कमांडर नानावटीने मुंबईत आपल्या बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने निर्दोष ठरवलं. हायकोर्टाने ते फिरवलं, आणि १९६१ साली सुप्रीम कोर्टानेही जन्मठेप कायम केली. कारण काय? बायकोने कबुली दिल्यावर या गृहस्थाने घरच्यांना मेट्रो सिनेमाला सोडलं, मग जहाजावर जाऊन पिस्तूल घेतलं, मग त्या माणसाचं घर गाठलं. राग थंड व्हायला मधे वेळ गेला होता. अर्थात त्याच्यामागे मोठी वर्तमानपत्रं होती, वजनदार माणसं होती. १९६४ साली त्याला माफी मिळाली.

ज्यांच्यामागे कोणी नसतं त्यांचं काय होतं, तेही आपल्याच महाराष्ट्रात घडलं आहे. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात पेरूच्या बागेतील एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच जीव गेले, बाईमाणसांवर अत्याचार झाले. पोलिसांनी भटक्या जमातीतील सहा मजूर धरले. २००६ साली सेशन कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप केली. २००९ साली सुप्रीम कोर्टाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीवर नेलं. पुढे निघालं की त्यांतला एकजण गुन्ह्याच्या वेळी सज्ञानही नव्हता. आणि त्याहून मोठं निघालं. घटनेतून वाचलेल्या बाईने सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंतून चार माणसं ओळखून दाखवली होती, आणि ते चौघे वेगळेच होते. हा कागद दाबला गेला होता. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला लावले, आणि हे लोक भटके, गरीब मजूर असल्याने खोटे गुंतवले गेले असणं नाकारता येत नाही, असं स्पष्ट म्हटलं. सोळा वर्षं तुरुंगात गेली. ज्या घरातली माणसं मेली त्या घरालाही न्याय मिळाला नाही, हे विसरू नये. आरोपीचा बचाव म्हणजे गुन्हेगाराला पाठीशी घालणं, असं आपल्यातलेही शिकलेले लोक म्हणतात. त्यांनी त्या चार फोटोंचा विचार करावा.

एक दाबलेला कागद सोळा वर्षं खातो, म्हणून कागदाची गोष्ट आम्ही जास्त सांगतो. भांडण दोघांचं असलं तरी फिर्यादीत बाप, भाऊ, मेहुणा सगळ्यांची नावं घातली जातात. त्या वेळी भाऊ कामावर असेल तर कंपनीच्या मस्टरवर त्याची हजेरी आहे, बाप दवाखान्यात असेल तर केसपेपर आहे. ते पहिल्या आठवड्यात वकिलाच्या हाती द्या. कॅमेऱ्याचं चित्रण तर काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवावं असा लेखी अर्ज लगेच करायला लावा. आपल्या पोरालाही मार लागला असेल तर डॉक्टरी तपासणीत त्याची नोंद झाली की नाही, ते बघा. स्वतःचा जीव वाचवताना हात उचलला, हे पुढे सांगायचं असेल तर ती जखमच बोलते. मात्र बचावापुरताच हात, हे कायदाही सांगतो. समोरचा पळत असताना पाठलाग करून मारलं तर तो बचाव उरत नाही.

अटक झाल्यावर चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं पाहिजे, आणि वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. बाबासाहेबांच्या घटनेच्या बाविसाव्या कलमात तसं लिहिलेलं आहे. अटकेचं कारण सांगितलं पाहिजे, नातेवाइकाला कळवलं पाहिजे. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा होत नाही. पण त्या जबाबावरून हत्यार किंवा कपडे निघाले, तर तेवढा भाग चालतो. म्हणून वकिलाशी बोलण्याआधी पोराने ‘मी दाखवतो’ म्हणू नये. आणखी एक तारीख भिंतीवर लिहून ठेवा. खुनाच्या गुन्ह्यात रिमांडपासून नव्वद दिवसांत आरोपपत्र आलं नाही, तर जामीन हक्काने मिळतो. पण अर्ज करावा लागतो, आणि तो आरोपपत्र येण्याआधीच. एक्क्याण्णवाव्या दिवशी आपण झोपलेले असलो आणि संध्याकाळी आरोपपत्र दाखल झालं, तर तो हक्क गेला. असं झालेलं आम्ही पाहिलं आहे.

आता वकील. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, १५१०० हा फोन आहे. अनुसूचित जातीच्या माणसाला, स्त्रीला, आणि कोठडीत असलेल्या कोणालाही उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. बौद्धांनाही १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, पण पोरगा आत आहे तेव्हा दाखल्यासाठी अडून बसण्याचं कारण नाही. बऱ्याच जिल्ह्यांत आता लोक अभिरक्षक कार्यालयही आहे. तिथले वकील आरोपींचेच खटले चालवतात.

“फुकटचा वकील काय कामाचा?” माउलीने विचारलं. प्रश्न खोटा नाही. फाईल न उघडता तारखेला उभे राहणारे आम्हीही पाहिले आहेत. पैसे घेऊन तसंच करणारेही पाहिले आहेत. पण सुप्रीम कोर्टाने २०१९ साली सांगितलं आहे, की जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा खटल्यात आरोपीला किमान दहा वर्षं वकिली केलेलाच माणूस द्यावा, आणि तयारीला साधारण सात दिवस तरी मिळावेत. वकील काम करत नसेल तर प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्या, बदलून मागा. आणि घरातल्या एकाने प्रत्येक तारखेला वही घेऊन जायचंच.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आम्ही ताईंबरोबर जिल्हा कोर्टात गेलो. अर्ज त्यांच्याच सहीने केला. सही करायला त्या नको म्हणत होत्या, अंगठा देते म्हणाल्या, पण प्रौढ शिक्षणात शिकल्या होत्या. तिसऱ्या दिवशी वकीण बाई मिळाल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, काठी कोणाची होती? काठी नळाच्या पाइपाला टेकून ठेवलेली होती, रोज तिथेच असायची, हे सांगणारे दोन शेजारी आहेत. त्यांतला एक मेलेल्या माणसाचा चुलतभाऊ आहे. तो खरं बोलेल की नाही, ते साक्षीच्या दिवशी कळेल. नव्वदावा दिवस अजून सव्वीस दिवसांवर आहे. ताईंनी तो खडूने दारामागे लिहिला आहे.