हरणाला नको ते बांधावर लावा



परवा शेजारचा शेतकरी बांधावर येऊन म्हणाला, "दादा, आता तारेत करंटच सोडतो." त्याचं सोयाबीन दोन पानांवर होतं. काळविटांच्या कळपानं एका रात्रीत कडेची तासं साफ केली. बियाणं गेलं, खत गेलं, आता दुबार पेरणी. राग खरा आहे. पण मी त्याला हात जोडले. तारेतला करंट हरीण ओळखत नाही, बैल ओळखत नाही, पहाटे पाणी धरायला निघालेलं आपलं पोरगंही ओळखत नाही. आणि काळवीट १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं राखलेलं जनावर आहे. मेलं तर जेल आपल्यालाच.

आमच्या पाटोदा तालुक्यात नायगावला १९९४ पासून मोरांचं अभयारण्य आहे. पण हरणाला हद्द कुठं कळते? माळ नांगरले, गायरानं आक्रसली, मग ते हिरवं दिसेल तिथं येणारच. राखण करावी तर किती रात्री जागायचं? म्हणून माझं मत सरळ आहे: हाकलण्यावर जेवढा जीव काढतो, त्याच्या निम्मा बांधावर काढा. हरणाच्या तोंडाला नको असलेलं तिथं दाट लावा.

सगळ्यात आधी सीताफळ. बालाघाटाच्या डोंगरात ते कुणी राखत नाही, तरी टिकतं, कारण शेळीसुद्धा त्याच्या पाल्याला तोंड लावत नाही. बीडच्या सीताफळाला जीआय मानांकन आहे, म्हणजे कुंपणही आणि चार पैसेही. दुसरी निरगुडी. पावसाळ्यात फाटे खोचले की लागतात, वासानं जनावर तोंड फिरवतं. मधेमधे घायपात आणि सागरगोटा. पाला नको म्हणून खात नाही आणि काटा म्हणून घुसत नाही, अशी दोन्ही कामं झाली पाहिजेत. नुसती कडू झाडं विरळ लावली तर हरीण मधून आरामात जातं.

ही झाडं उभी राहायला तीन-चार वर्षं लागतात. तोवर सोयाबीनच्या कडेनं एरंड टोका. पानं खाणाऱ्या अळीसाठी सापळा पीक म्हणूनही तो चालतो. बी मात्र विषारी, लेकरांपासून जपा. रब्बीत हरभऱ्याभोवती करडईचे पट्टे, आपले वाडवडील घालायचेच. पण एक ध्यानात ठेवा, कोवळ्या करडईची भाजी आपणही खातो, मग हरीण का सोडेल? काटा धरेपर्यंत तिलाही राखण लागते. म्हणून करडई हरभऱ्याच्या आधी पेरा.

काय लावू नये तेही सांगतो. घाणेरी आणि बेशरम हरीण खात नाही हे खरं, पण एक रान गिळते आणि दुसरी ओढा. कण्हेर अंगणात शोभते, बैल चरतात त्या बांधावर नको, विषारी आहे. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, छाटताना सांभाळा.

काहीजण म्हणतील, बांधावरची झाडं कडेच्या दोन तासांची ओल खातात. खातात, मान्य. पण ती दोन तासं आज तरी कुणाच्या घरात येतात? हरणाच्याच पोटात जातात ना? शेजाऱ्याला विचारून सामाईक बांधावर लावा, म्हणजे भांडणही नाही.

आणि खोटं बोलणार नाही. दुष्काळात उपाशी हरीण काहीही खातं. तेव्हा कुठलंच झाड शंभर टक्के वाचवणार नाही. नुकसान झालं तर लगेच वनखात्याकडं अर्ज करा, पंचनामा करून घ्या, भरपाई आपल्या हक्काची आहे.

शेजाऱ्यानं तार गुंडाळून ठेवलीय. रविवारी आम्ही दोघं मिळून निरगुडीचे फाटे खोचणार आहोत. ओल आहे तोवर तुम्हीही लागा. तुमच्या भागात हरीण कशाला तोंड लावत नाही, तेवढं खाली लिहा.